स्वभावाला औषध नाही, सिगारेटला आहे

मेडिकलच्या काउंटरवर घशाच्या गोळ्यांची बरणी, ओआरएसची पाकिटं आणि बामच्या डब्या मांडलेल्या असतात, तिथेच कुठेतरी निकोटिन गमचा डबा असतो. गिऱ्हाईक जरा आजूबाजूला बघून म्हणतं, 'ते सिगारेट सोडायचं द्या.' दुकानदार कात्रीने पट्टी कापतो, चार गम हातावर ठेवतो, पैसे घेतो. दिवसाला किती ओढता, सकाळची पहिली कधी, हृदयाचा काही त्रास आहे का, यातलं काही विचारलं जात नाही. कसं चघळायचं तेही कुणी सांगत नाही. सूचनांचा कागद डब्यात असतो आणि डबा दुकानातच राहतो. नियमाने घ्यायचं म्हटलं तर चार गम दुपारच्या चहापर्यंतही पुरत नाहीत. आपल्याकडे त्यावर आठवडा काढला जातो. मग 'काही उपयोग नाही हो त्याचा' असा शेरा मारून माणूस पुन्हा टपरीवर.

हा शेरा इतक्या जणांच्या तोंडून ऐकला आहे की त्याचा माग काढावासा वाटला. शेरा मारणारा खोटं बोलत नसतो. त्याला उपयोग झालेला नसतोच. पण अँटिबायोटिकच्या पंधरा गोळ्यांपैकी दोन घेऊन ताप हटला नाही म्हणणाऱ्याला आपण जे सुनावू, ते याला सुनावणारं कुणी नसतं. कारण मुळात हे औषध आहे, हेच आपल्याला पटलेलं नाही.

सिगारेट, विडी, तंबाखू सोडणं हा मनाच्या निग्रहाचा मामला, त्यात औषध कसलं घ्यायचं, ही समजूत पक्की आहे. 'मनात आणलं तर उद्या सोडीन' हे प्रत्येक ओढणाऱ्याने एकदा तरी म्हटलेलं असतं आणि घरच्यांनीही 'मनावर घे' यापलीकडे काही सुचवलेलं नसतं. श्रावणापुरती बंद, गणपतीत बंद, असे प्रकार घरोघरी चालतात. माळ घालून कायमची सोडलेली माणसंही पाहिली आहेत आणि त्यांना मी हसणार नाही. माळेत श्रद्धेचं बळ असतंच, शिवाय एक व्यवहारही असतो: गळ्यात माळ दिसली की कुणी पाकीट पुढे करत नाही. पण अशी माणसं मोजकी. कसलीही मदत न घेता सोडायला निघालेल्यांपैकी शंभरात तीन ते पाच जणच वर्षभर टिकतात, असं ठिकठिकाणच्या अभ्यासांत दिसलेलं आहे. आपल्या देशात २०१६-१७ मध्ये प्रौढांच्या तंबाखूसेवनाची मोठी पाहणी झाली. धूम्रपान करणाऱ्यांपैकी ५५.४ टक्के लोकांनी सोडायचं मनात आहे असं सांगितलं. प्रत्यक्ष प्रयत्न करून पाहिलेल्यांत मात्र दहातले सात जण कुठल्याही मदतीशिवाय झगडत होते, आणि औषध घेणारे शंभरात जेमतेम चार.

दारूच्या बाबतीत आपण एवढे मागे नाही. १९८६ साली डॉ. अनिल आणि सुनंदा अवचटांनी पुण्यात मुक्तांगण सुरू केलं, पु. ल. देशपांड्यांनी त्याला आर्थिक बळ दिलं, आणि व्यसन हा आजार आहे, त्यावर उपचार असतात, हे मराठी मध्यमवर्गाला हळूहळू कळत गेलं. दारुड्याला 'मनावर घे' एवढंच सांगून भागत नाही, हे आता गावातही माहीत आहे. सिगारेटला मात्र आपण अजून सवय म्हणतो. सवयीला कोण औषध घेणार?

आता ही 'सवय' शरीरात काय करते ते बघू. झुरका ओढल्यापासून दहा-वीस सेकंदांत निकोटिन मेंदूत पोचतं. तिथल्या ठरावीक ग्राहींना ते चिकटतं, डोपामिन सुटतं, बरं वाटतं. मग रक्तातलं निकोटिन साधारण दर दोन तासांनी निम्मं होत जातं. रात्रभर झोपलेल्या माणसाच्या अंगातून सकाळपर्यंत ते जवळपास संपलेलं असतं, म्हणून पहिली सिगारेट सगळ्यात गोड लागते. कार्ल-ओलोव्ह फागरस्ट्रॉम या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने व्यसन किती खोल आहे ते मोजण्यासाठी प्रश्नावली बनवली. तिची सुधारित आवृत्ती सहा प्रश्नांची आहे आणि त्यातला सर्वांत कामाचा प्रश्न हाच, की उठल्यावर पहिली सिगारेट किती वेळात ओढता? पाच मिनिटांच्या आत असेल तर तुमचा निग्रह कितीही दांडगा असो, अंग ऐकणार नाही. सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस सर्वांत वाईट. चिडचिड, बेचैनी, झोपमोड, कशात लक्ष न लागणं, सारखी भूक. हे तीन-चार आठवडे तरी चालतं. घरातली माणसं तिसऱ्या दिवशीच म्हणतात, 'बाबा रे, ओढ एकदाची, पण आमच्यावर खेकसू नकोस.'

या साऱ्यात जीव घेणारं निकोटिन नव्हे. ते अमृतही नाही; नाडी वाढवतं, रक्तदाब वाढवतं, गर्भाला चांगलं नाही. पण कर्करोग होतो तो धुरातल्या डांबराने, आणि हृदयाला धक्का बसतो त्यात कार्बन मोनॉक्साइडचा हात मोठा. लोक निकोटिनसाठी ओढतात आणि डांबराने मरतात, हा विचार लंडनचे मानसोपचारतज्ज्ञ मायकेल रसेल यांनी १९७६ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडला. निकोटिन चालू ठेवून धूर बंद करता आला तर? पुढचा सगळा उपचार या एका प्रश्नातून निघाला आहे.

गमची जन्मकथा पाणबुडीतली. पाणबुडीत सिगारेट ओढता येत नाही. १९६७ च्या डिसेंबरात स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाच्या वैमानिकी वैद्यकाच्या प्रयोगशाळेतून क्लेस लुंडग्रेन यांनी ओवे फर्न्यो यांना पत्र लिहिलं. फर्न्यो हेल्सिंगबोर्गच्या लिओ या औषध कंपनीत संशोधक होते आणि स्वतः जबर ओढणारे होते. लुंडग्रेन आणि त्यांच्या सहकाऱ्याच्या ध्यानात आलं होतं की ओढायला बंदी असली की पाणबुडीवरचे नौसैनिक तोंडात तंबाखू धरतात आणि त्यांचं निभतं. आपल्या गावातल्या कुणाही मळणाऱ्याने हे फुकट सांगितलं असतं. मग तंबाखूऐवजी शुद्ध निकोटिनच तोंडात का देऊ नये?

सुचवणं सोपं होतं, करणं किचकट. निकोटिन गमच्या रबरात नुसतं मिसळलं तर दोन-चार चावांतच सगळं बाहेर पडतं. फर्न्योंनी ते एका विशिष्ट राळेला बांधलं, म्हणजे चावेल तसं थोडं थोडं सुटेल आणि चुकून गम गिळला तरी एकदम विषबाधा होणार नाही. दुसरी अडचण आम्लाची. तोंडात आम्ल असलं की निकोटिन गालाच्या आतल्या त्वचेतून रक्तात शिरत नाही. त्यासाठी गममध्ये सोड्यासारखा क्षार घालावा लागला.

इथे आपल्याकडची चुन्याची डबी आठवायला हवी. तंबाखू मळताना चुना का लावतात? 'कडक लागते' म्हणून, असं उत्तर मिळतं, आणि ते बरोबर आहे. चुना अल्कधर्मी. त्याने तंबाखूतलं निकोटिन मोकळं होतं आणि ओठाआडून रक्तात जातं. हेल्सिंगबोर्गच्या प्रयोगशाळेने वर्षानुवर्षं खपून जे साधलं, ते तळहातावर अंगठा घासणाऱ्याला परंपरेने ठाऊक होतं. फरक एवढाच की त्याच्या तळहातावर निकोटिनबरोबर कॅन्सरचा सगळा मालही होता.

१९७८ मध्ये निकोरेट या नावाने हा गम स्वित्झर्लंडमध्ये मंजूर झाला, १९८४ मध्ये अमेरिकेत. डॉक्टरांना सुरुवातीला हे काही रुचलं नाही. व्यसनाला व्यसनाचाच पदार्थ द्यायचा?

पट्टीची, म्हणजे पॅचची गोष्ट शेतात सुरू होते. ओली तंबाखूची पानं खुडणाऱ्या मजुरांना मळमळ, उलटी, चक्कर, अशक्तपणा येतो. पानांवरच्या दवात निकोटिन विरघळतं आणि कातडीतून आत जातं. अमेरिकेच्या दक्षिण भागात याला हिरव्या तंबाखूचा आजार म्हणतात. आपल्याकडे गुजरातमधल्या तंबाखूच्या शेतमजुरांतही तो नोंदवला गेला आहे. निकोटिन कातडीतून जातं, तर कातडीतूनच देऊ, असं कॅलिफोर्निया विद्यापीठात लॉस एंजेलिसला मरे जार्विक आणि जेड रोझ या दोघांनी ठरवलं. माणसांवर प्रयोग करायला परवानगी मिळेना, तेव्हा त्यांनी तंबाखू स्वतःच्याच कातडीवर लावून पाहिली. नाडी वाढली, म्हणजे काम झालं. १९९१ च्या अखेरीस अमेरिकेत पट्टी आली. मजुराला जे दुखणं होतं ते दुसऱ्याला औषध झालं. मजुराला मात्र आजही बहुतेक ठिकाणी हातमोजे मिळत नाहीत.

आता चघळण्याकडे येऊ, कारण सगळा घोळ तिथेच होतो. आमच्या नात्यातले एक अण्णा एसटीत कंडक्टर होते. गाडी स्टँडला लागली की एक, सुटायच्या आधी एक, आणि सकाळी डोळे उघडल्यावर चूळ भरायच्या आधी एक. मुलीने हट्ट धरला म्हणून त्यांनी गम आणला. गम तोंडात टाकला, बबलगम खावा तसा कचाकचा चावला, वर स्टँडच्या कँटीनचा चहा प्यायला. पाच मिनिटांत उचक्या सुरू झाल्या, घशाशी जळजळलं, मळमळलं, आणि तलफ होती तिथेच. अण्णांनी गम थुंकला आणि काडी पेटवली. त्यांच्या हिशेबाने औषधाची परीक्षा तिथेच संपली.

झालं होतं असं. भराभरा चावल्याने निकोटिन सुटलं, पण गालातून शोषलं जायला त्याला वेळच मिळाला नाही. ते लाळेबरोबर पोटात गेलं. पोटातून गेलेलं निकोटिन यकृत बरंचसं निकामी करतं, म्हणजे मेंदूला काही पोचलं नाही आणि जठराला मात्र झोंबलं. त्यात गमची ताकद दोन मिलिग्रॅम. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत ओढणाऱ्याला चार मिलिग्रॅमचा गम लागतो. आपल्याकडे दोनचा चिठ्ठीशिवाय मिळत आला आहे. चारच्याला डॉक्टरची चिठ्ठी लागते. त्यामुळे ज्यांना जास्त लागतं तेच नेमके कमी घेऊन बसतात.

गम घ्यायचा तो असा. आधीची पंधरा मिनिटं चहा, कॉफी, सरबत, कोल्ड्रिंक, लिंबू-चिंच काही नाही. गम तोंडात टाकून सावकाश चावायचा. दहा-पंधरा चावांत मिरी लागल्यासारखी चुरचुर होते. चुरचुर आली की थांबायचं आणि गम गाल व हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचा, तंबाखूचा बार धरतात तसा. मिनिटाभरात चुरचुर ओसरली की पुन्हा दोन-चार चाव, पुन्हा गालात, या वेळी दुसऱ्या बाजूला. असं अर्धा तास. तंबाखू खाणाऱ्याला हे सांगावं लागत नाही, सिगारेटवाल्याला शिकवावं लागतं. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, तलफ येण्याची वाट न बघता. मग हळूहळू अंतर वाढवत बारा आठवड्यांपर्यंत. दिवसाला आठ-दहा गम हा सुरुवातीचा रास्त हिशेब झाला.

पट्टीत चघळण्याची कटकट नाही. सकाळी आंघोळ झाल्यावर दंडावर किंवा छातीवर, केस नसलेल्या कोरड्या जागी लावायची, रोज जागा बदलायची. दिवसाला दहाच्या वर ओढणाऱ्याने २१ मिलिग्रॅमने सुरुवात करून पुढे १४ आणि ७ वर उतरायचं. रात्री विचित्र स्वप्नं पडली तर झोपताना काढून ठेवायची. घामाने कडा सुटल्या तर वरून औषधी चिकटपट्टी लावावी, आणि आपल्या उन्हाळ्यात ती लागतेच. पट्टी लावून एखादी सिगारेट ओढली तर हार्ट अटॅक येतो, ही भीती फार पसरलेली आहे. तसं नसतं. चूक झाली तर पट्टी काढून फेकण्याऐवजी ती तशीच ठेवावी आणि पुढची सिगारेट टाळावी.

पट्टी आणि गम एकत्र घेतले तर एकट्यापेक्षा जास्त उपयोग होतो. पट्टी दिवसभर संथपणे निकोटिन पुरवते. मित्राने काडी पेटवली, साहेबांनी झापलं, जेवण झालं, अशा ऐन वेळच्या तलफेला गम. आपल्याकडे हे कुणी सांगत नाही, उलट 'दोन्ही एकदम? ओव्हरडोस होईल' म्हणून दुकानदारच घाबरवतो. खरं तर पाकीटभर ओढणारा दिवसात जेवढं निकोटिन ओढतो, त्याहून बहुधा यातून कमीच जातं, आणि तेही हळूहळू. हृदयविकार असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच घ्यावं.

यानंतर गोळ्या. ब्युप्रोपियॉन हे मुळात नैराश्यावरचं औषध. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात डॉ. लिंडा फेरी यांच्या लक्षात आलं की ते घेणाऱ्या काही रुग्णांना सिगारेटची ओढच उरत नाही. चाचण्या झाल्या आणि १९९७ मध्ये ते सिगारेट सोडण्यासाठी मंजूर झालं. झोप उडणं, तोंड कोरडं पडणं हे नेहमीचे त्रास. आकडी येणाऱ्यांना ते देत नाहीत.

व्हॅरेनिक्लीनची कथा जास्त रंगतदार आहे, कारण तिचं मूळ एका झाडात आहे. युरोपात पिवळ्या घोसांच्या फुलांचं लॅबर्नम नावाचं झाड असतं. दुसऱ्या महायुद्धात तंबाखू मिळेना तेव्हा सैनिक त्याची पानं ओढत. त्यातलं सायटिसीन हे द्रव्य निकोटिनच्याच ग्राहींना जाऊन चिकटतं. बल्गेरियात १९६४ पासून त्याच्या गोळ्या सिगारेट सोडण्यासाठी विकल्या जात होत्या. पंचवीस दिवसांचा कोर्स, किंमत अगदी कमी. पश्चिमेकडच्या डॉक्टरांनी कित्येक दशकं तिकडे पाहिलंच नाही. २०११ मध्ये वॉर्साला ७४० जणांवर केलेली चाचणी प्रसिद्ध झाली: वर्षभर न ओढता राहिलेले सायटिसीनच्या गटात ८.४ टक्के, नुसत्या पिठाच्या गोळीच्या गटात २.४ टक्के. तोवर फायझर कंपनीने सायटिसीनवरून सुचलेलं व्हॅरेनिक्लीन २००६ मध्ये बाजारात आणून पुष्कळ पैसा केला होता.

व्हॅरेनिक्लीन दुहेरी काम करतं. ग्राहीला अर्धवट जागं करतं, म्हणून तलफ मरते. आणि जागा अडवून बसतं, म्हणून वरून सिगारेट ओढली तरी मजा येत नाही. ओढणारे सांगतात, 'नुसता धूर लागतो.' सोडायच्या तारखेच्या आठवडाभर आधी थोड्या डोसने सुरू करायचं, मग बारा आठवडे. मळमळ बऱ्याच जणांना होते. भरल्या पोटी, पेलाभर पाण्याबरोबर घेतली तर ती आवरते. याने माणूस आत्महत्येकडे वळतो असा बोभाटा झाला आणि २००९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पाकिटावर कडक इशारा छापायला लावला. मग आठ हजारांवर लोकांची चाचणी झाली. त्यातले निम्मे मानसिक आजाराचे रुग्ण मुद्दाम घेतले होते. २०१६ मध्ये निकाल आला: पट्टी किंवा पिठाच्या गोळीच्या तुलनेत मानसिक त्रास लक्षणीय वाढलेला दिसला नाही. त्याच वर्षी तो इशारा काढण्यात आला. आपल्याकडचे पुष्कळ डॉक्टर मात्र अजून जुन्या इशाऱ्यावरच थांबलेले आहेत, असा माझा समज झाला आहे.

आता मुद्द्याचा प्रश्न, या सगळ्याने सुटते का? कोक्रेन ही संस्था जगभरच्या चाचण्या एकत्र करून हिशेब मांडते. २०२३ चा त्यांचा हिशेब दीड लाखाहून जास्त लोकांवरचा आहे. औषधाशिवाय शंभरातल्या सहा जणांची सहा महिने वा अधिक काळ सुटते. एकटी पट्टी, एकटा गम किंवा ब्युप्रोपियॉन घेतलं तर नऊ. पट्टी आणि गम मिळून बारा. व्हॅरेनिक्लीन किंवा सायटिसीनने चौदाच्या आसपास. निकोटिनची ई-सिगारेटही याच वरच्या पायरीवर येते, पण आपल्या देशात २०१९ पासून तिच्यावर बंदी आहे, म्हणून तो विषय इथेच सोडतो.

हे आकडे वाचून कुणाचा उत्साह मावळेल. शंभरातले चौदा? म्हणजे शहाऐंशी जण पुन्हा ओढायलाच लागले! खरं आहे, आणि डॉक्टरने ते आधीच सांगितलेलं बरं. सहाचे चौदा होणं म्हणजे दुपटीहून जास्त, आणि राहिलेल्या शहाऐंशींनी पुन्हा प्रयत्न करू नये असं कुठल्याच चाचणीने म्हटलेलं नाही. बहुतेकांना सोडायला अनेक खेपा लागतात. रिचर्ड डॉल यांनी ब्रिटिश डॉक्टरांचा पन्नास वर्षं पाठपुरावा केला, त्याचा निष्कर्ष २००४ मध्ये आला. जन्मभर ओढणारे सरासरी दहा वर्षं आधी जातात. साठीला सोडली तर त्यातली तीन वर्षं परत मिळतात, पन्नाशीला सहा, चाळिशीला नऊ. चौथ्या खेपेला सुटली तरी ही वर्षं मिळतातच.

अण्णांचंही तसंच झालं. पुढे एका डेंटल कॉलेजात दात दाखवायला गेले असताना तिथल्या समुपदेशक बाईंनी त्यांना पट्टी लावून दिली आणि गम गालात धरायला शिकवलं. काही महिने सुटली. पुतण्याच्या हळदीला मांडवामागे परत धरली. नंतर पुन्हा पट्टी. सध्या ओढत नाहीत. गमची पट्टी मात्र खिशात असते आणि त्यावरून काकू टोमणे मारतात, 'विडी गेली, गम लागला.' लागू दे. बारा आठवड्यांच्या पुढे गम घेत राहणारे थोडे लोक असतात, आणि गम चघळणाऱ्याच्या फुप्फुसात डांबर जात नाही.

एक बारीक गोष्ट, जी मला स्वतःला फार उशिरा कळली. धुरातल्या डांबरामुळे यकृत कॅफिनचा निचरा झपाट्याने करतं. सिगारेट बंद झाली की हा निचरा मंदावतो आणि नेहमीएवढ्याच कॉफीने रक्तात जवळपास दुप्पट कॅफिन साठतं. छातीत धडधड, हाताला कंप, झोप नाही, आणि दोष मात्र 'सोडल्याचा त्रास' म्हणून सिगारेट सोडण्याला लागतो. त्या दिवसांत चहा-कॉफी निम्म्यावर आणावी. क्लोझापिन किंवा थिओफायलिन घेणाऱ्या रुग्णांच्या बाबतीत हीच गोष्ट गंभीर ठरते. त्यांच्या औषधाचा डोस डॉक्टरने पुन्हा ठरवायला हवा. पट्टी आणि गमने यात फरक पडत नाही, कारण करामत निकोटिनची नसून धुराची असते.

हे सगळं सिगारेटला धरून झालं. महाराष्ट्राचा खरा प्रश्न तोंडातल्या तंबाखूचा आहे. त्याच २०१६-१७ च्या पाहणीत राज्यातले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करताना आढळले, आणि बिनधुराची तंबाखू घेणारे २४.४ टक्के. मळलेली तंबाखू, विदर्भातला खर्रा, बायकांची मशेरी. या लोकांवर औषधांच्या चाचण्या सिगारेटच्या मानाने फार थोड्या झालेल्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने जुलै २०२४ मध्ये तंबाखू सोडवण्याच्या उपचाराची आपली पहिली मार्गदर्शिका काढली, त्यात बिनधुराच्या तंबाखूसाठी व्हॅरेनिक्लीन किंवा निकोटिनचे पर्याय सुचवले आहेत. मशेरी लावणाऱ्या बाईला 'हे घ्या' म्हणून कुणी काही दिल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. ती मुळात स्वतःला व्यसनी समजत नाही. दात घासते, एवढंच.

आणि विडी. विडी सारखी विझते, म्हणून झुरके जास्त आणि खोल मारावे लागतात. निकोटिन आणि डांबर सिगारेटपेक्षा कमी नाही, बहुधा जास्तच. पैशांचं गणित मात्र उलटं आहे. एका गमची किंमत ढोबळमानाने एका सुट्ट्या सिगारेटच्या आसपास पडते, म्हणजे सिगारेटवाल्याला गम परवडतो. विडीवाल्याला बंडल जेवढ्यात येतं, तेवढ्यात दोन-तीन गम येतात. दिवसाला दहा गम, बारा आठवडे: हा हिशेब त्याच्यापुढे मांडायलाच लाज वाटते. 'मनावर घे' हा सल्ला इथे फुकटचा आहे म्हणूनच चालतो.

सरकारदरबारी काही हललं आहे. निकोटिनचे पर्याय २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत गेले, २०२१ मध्ये ब्युप्रोपियॉन आणि व्हॅरेनिक्लीनही. भारताच्या २०२२ च्या यादीत निकोटिनचे पर्याय आले. पण यादीत नाव येणं वेगळं आणि तालुक्याच्या रुग्णालयात खिडकीवर बारा आठवड्यांचा साठा मिळणं वेगळं. क्षयरोगाची औषधं आपण गावोगाव फुकट पोचवतो, गोळी गिळली की नाही ते बघतो. तंबाखूने मरणाऱ्यांसाठी तसं काही करायला कुठलंही शास्त्र आड येत नाही. खर्चाचा रकाना तेवढा येतो. माझं मत विचाराल तर विडी कामगारांच्या वस्त्यांपासून सुरुवात व्हावी, कारण तिथे माल बनतो आणि तिथेच ओढलाही जातो.

तोवर तुम्हाला करता येण्यासारखं एवढं. मेडिकलमध्ये गम मागताना पूर्ण पट्टी आणि सूचनांचा कागद मागून घ्या. सकाळची पहिली सिगारेट अर्ध्या तासाच्या आत असेल तर डॉक्टरकडे जा आणि पट्टी, चारचा गम, व्हॅरेनिक्लीन ही नावं स्वतःहून काढा. त्यांनी काढायची वाट बघू नका. घरात कुणी सोडत असेल तर पहिले चार आठवडे त्याचं खेकसणं सोसा. सिगारेटच्या पाकिटावर चित्राखाली एक नंबर छापलेला असतो, तो कुणी वाचत नाही: १८००-११-२३५६. फोन फुकट आहे, समुपदेशक सोडायची तारीख ठरवून देतात आणि नंतर आपणहून फोन करून चौकशी करतात. ही सेवा २०१६ मध्ये दिल्लीत सुरू झाली, पुढे मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्येही तिचं केंद्र निघालं, त्यामुळे मराठीत बोलता येतं. वेळ सकाळी आठ ते रात्री आठ. सोमवारी बंद असतो, तेव्हा सोडायचा दिवस सोमवार धरू नका.